बाईंचा पाचवा पर्याय

बाई उभ्यानं शिकवायच्या. इस्त्रीचं टेबल पूर्ण वर चढवायचं, त्यावर दोन जाडजूड डिक्शनऱ्या, त्यांच्यावर लॅपटॉप, आणि समोर बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पिन, पायात बूट. आयर्लंडमधल्या डंडॉक गावातल्या त्यांच्या स्वयंपाकघरातून व्हिएतनाममधल्या तेवीस मुलांना दिसायचं फक्त डोकं आणि खांदे, पण साडी मात्र निऱ्यांसकट नेसलेली. मी एकदा म्हटलं, "बाई, वरचं तेवढं नीट असलं तरी चालतं की. खाली ट्रॅकपँट घाला माझ्यासारखी." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं मलाच कसंतरी झालं. "अर्धं नेसून शिकवलं की शिकवणं पण अर्धंच होतंय," म्हणाल्या, आणि हजेरी घ्यायला लागल्या.

हजेरी म्हणजे तरी काय! नाव पुकारलं की मुलानं 'प्रेझेंट' म्हणायचं नाही. आज काय जेवलो ते एका पूर्ण वाक्यात सांगायचं. आमची दुपार ती त्यांची संध्याकाळ, त्यामुळे मुलं जेवून नाहीतर जेवता जेवता बसलेली असायची. एकानं नुसतं 'राइस' म्हटलं की बाई कमरेवर हात ठेवायच्या. कुणी केला, कशाबरोबर खाल्ला, उरला का, सगळं बाहेर काढायच्या. भूतकाळ, वर्तमानकाळ, कर्तरी, कर्मणी, सगळं त्या भाताच्या टोपात. वीस मिनिटं हजेरीतच जायची, आणि मी मनात म्हणायचे, काय हे बाईंचं चऱ्हाट.

मीही त्याच केंद्रात शिकवत होते. व्हिएतनाममधल्या एका बंदराच्या शहरातली ती साधी खाजगी शिकवणी होती. बारावीच्या मुलांना शाळेच्या शेवटच्या परीक्षेसाठी इंग्रजीचं व्याकरण, शब्द आणि उताऱ्यांचा सराव द्यायचा. २०२० साली सगळंच ऑनलाइन गेलं तेव्हा त्यांनी बाहेरच्या देशांतले शिक्षक घेतले. बाई आधी लागल्या आणि त्यांनीच मला तिथे चिकटवलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते या उपकारानंतर केलं.

त्या वेळी माझी अवस्था अशी होती की नवरा आतल्या खोलीत दार लावून ऑफिसचं काम करतोय, मुलगी टीव्हीपुढे, आणि मी स्वयंपाकघरात प्रेस आवरतेय. इथे भांड्यांच्या कपाटाला प्रेस म्हणतात. तेच प्रेस मी आठवड्यात तीनदा आवरलं होतं. पुण्यात एम.ए. केलेलं, इंग्रजी घेऊन, चांगल्या मार्कांनी, आणि इथे मी कुणाची तरी डिपेंडंट. एका गणपतीत बाईंची ओळख झाली होती. त्या आमच्या शेजारच्याच एस्टेटमध्ये, म्हणजे कॉलनीत, राहायच्या. लॉकडाउनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती, त्या हद्दीत मला मराठी बोलायला बाई तेवढ्या एकट्याच. रोज सकाळी आम्ही दोन मीटर अंतर ठेवून, ओरडून गप्पा मारत फिरायला जायचो.

बाई कोल्हापूरच्या. तिथल्या मुलींच्या शाळेत वीस वर्षं शिकवून मग काकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नोकरीमागून आयर्लंडला आलेल्या. बोलणं अस्सल तिकडचं. मी जातो, मी येतो, मी सांगतो. माझी मुलगी मराठी समजते पण उत्तरं आयरिश इंग्रजीत देते. तिनं मला बाईंच्या समोरच विचारलं की या आजी स्वतःला मुलगा का समजतात. मी खजील. बाई मात्र खूश झाल्या. "पोरगी ऐकती बघ नीट. तुझ्यासारखी नुसती मान हलवत न्हाई," म्हणाल्या.

मान हलवणं हा त्यांच्या रागाचा खास विषय होता. समोरचा 'हो हो' म्हणाला की बाईंना संशय यायचा. एकदा त्यांच्याकडे बॉयलर बंद पडला आणि दुरुस्तीला एक माणूस आला. त्यानं दोन नळ्या ठोकल्या, एक बटण दाबलं आणि म्हणाला, "ग्रँड, आता होईल सगळं ग्रँड." इथे सगळं ठीक असलं की ग्रँड म्हणतात. बाई दारात आडव्या. ग्रँड म्हणजे तुला माहीत आहे, की तू अंदाज करतोयस? तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, स्वच्छ उच्चारात, एकेक शब्द सुटा करून विचारला. शेवटी त्यानं टोपी काढली आणि कबूल केलं, की खरं सांगू का मिसेस, मला यातलं काही कळलेलं नाही. बाईंचा चेहरा असा उजळला म्हणता! त्याला पायरीवर बसवून चहा दिला, वर पोहे दिले. दुसऱ्या दिवशी तो ज्याला बॉयलर खरोखर कळतो अशा आपल्या भावाला घेऊन आला. काका बिचारे दोन रात्री स्वेटर घालून झोपले, पण बोलतात कशाला? त्यांनी तीस वर्षं काढली होती या बाईबरोबर.

तर हाच प्रश्न बाईंनी वर्गात नेला. तिकडच्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात, ए, बी, सी, डी. चुकलं तर मार्क कापत नाहीत, त्यामुळे उत्तर येत नसलेलं मूलही काहीतरी ठोकून देतं. बाई आपल्या सरावाच्या प्रत्येक पेपरात पाचवा पर्याय घालायच्या, ई. 'मला अजून माहीत नाही.' बरोबर उत्तराला एक मार्क, चुकीला शून्य, आणि ई ला अर्धा मार्क. केंद्राच्या नियमात हे कुठेच बसत नव्हतं. मी म्हटलं, "बाई, न येण्याला कसले मार्क देता?" तर म्हणाल्या, "न येण्याला न्हाई गं. सांगण्याला देतो. ह्या पोरांना हो म्हणायची सवय लागलीय, तुला-मला लागली होती तशी. छाती लागती न्हाई म्हणायला."

लान नावाची मुलगी होती वर्गात. सतरा वर्षांची, वडिलांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, घरात कुणाला इंग्रजीचा गंध नाही. इंग्रजीत नापास झाली तर पुढचं शिक्षण बंद आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं, असं वडिलांनी तिला सांगून ठेवलेलं. पहिल्या दोन महिन्यांत ती प्रत्येक गोष्टीला 'येस टीचर' म्हणायची. गृहपाठ समजला? येस टीचर. आवाज येतोय? येस टीचर. म्यूट आहेस का? त्यालाही येस टीचर. मग एक दिवस चाळीस प्रश्नांच्या पेपरात तिनं एकतीस ठिकाणी ई लिहिलं. बाईंनी भर दुपारी मला फोन केला. मला वाटलं काही अपघात झाला. "एकतीस!" त्या ओरडत होत्या, "अगं पोरीनं एकतीस ठिकाणी खरं सांगितलं!"

त्यांच्याकडे एक लांबोडकी वही होती, किराणा दुकानात असायची तसली. त्यात प्रत्येक मुलाला दोन-दोन पानं. कुणी कशाला ई लिहिलं, कधी लिहिलं, आणि ते कधी पुसलं गेलं. येणाऱ्या गोष्टी त्यात नव्हत्याच. लानला पानं पुरली नाहीत म्हणून मध्ये कागद चिकटवले होते.

उतारेही बाई स्वतः लिहायच्या. केंद्राकडून यायचे ते उतारे हवामानबदल, जागतिकीकरण असल्या विषयांवर असायचे. बाई म्हणायच्या, हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं न्हाई, मी कसं समजावू? मग पाच किलोमीटरात जे दिसेल ते. खाटकाच्या दुकानासमोरची रांग. भरतीच्या वेळी पाणी कुठपर्यंत येतं. हिरवा, तपकिरी आणि काळा, असे तीन रंगांचे कचऱ्याचे डबे, आणि कुठला कुठल्या दिवशी बाहेर काढायचा. एका शेजारणीनं चुकीचा डबा काढला आणि सबंध गल्लीनं तिच्यामागून काढला, हा उतारा तर इतका गाजला की मुलं दर आठवड्याला विचारायची, बाई, आज कुठला डबा? व्हिएतनाममधल्या त्या तेवीस मुलांइतकं डंडॉकचं ज्ञान तासाभरावरच्या ल्यूकनमध्ये राहणाऱ्या माझ्या नणंदेलाही नव्हतं.

केंद्राचे व्यवस्थापक तुआन म्हणून होते. अतिशय सभ्य, प्रत्येक वाक्याआधी माफी मागणारे. त्यांची पंचाईत अशी की केंद्रात दर महिन्याला वर्गांची सरासरी लागायची आणि बाईंचा वर्ग कायम शेवटचा. बाकीच्या वर्गांतल्या मुलांनी ठोकून दिलेल्या चार उत्तरांतलं एक तरी बरोबर यायचं, बाईंची मुलं मात्र अर्ध्या मार्कांवर, आणि केंद्र तो अर्धा मार्कही धरायचं नाही. लानच्या वडिलांनी दोनदा तक्रार केली. तुआन बाईंना म्हणाले, क्षमा करा, पण हे थांबवता येईल का? बाई म्हणाल्या, नाही.

आणि मग २०२१ च्या जूनमध्ये, खरी परीक्षा महिन्यावर आलेली असताना, केंद्रानं सगळ्या वर्गांची एक सराव परीक्षा घेतली. छापील पेपर, चार पर्याय, मुलं आपापल्या घरी कॅमेऱ्यासमोर बसून सोडवतायत. बाईंच्या वर्गातल्या एकोणीस मुलांनी त्या पेपरात, जिथे उत्तर येत नव्हतं तिथे, समासात पेननं व्यवस्थित चौकोन काढला, त्यात 'ई' लिहिलं आणि बरोबरची खूण केली. तपासणाऱ्यांनी डोक्याला हात लावला. लान नापास झाली, तिच्याबरोबर आणखी आठ जण.

तुआननी फोन मला केला, बाईंना नाही. म्हणाले, क्षमा करा, पालक ऐकत नाहीत, सोमवारपासून हा वर्ग तुम्ही घ्याल का?

मी विचार करून सांगते, असंसुद्धा म्हटलं नाही. लगेच हो म्हटलं. मनातून मला वाटतच होतं की माझे उच्चार चांगले, माझं एम.ए. ताजं, आणि बाईंचा हा सगळा हेकेखोरपणा. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. फोन ठेवल्यावर मी प्रेसमधून चांगला कप काढून चहा केला स्वतःसाठी.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या फाटकाशी आल्या, तोवर त्यांनाही कळलं होतं. रेनकोट घातलेला आणि पोटाशी ती वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी तोंड वर करेना. त्याच म्हणाल्या, "मी चुकलो. ई लिहायला शिकवलं, पण बाहेरच्या पेपरात ई नसतो, तिथं कोरं सोडायचं न्हाई, हे सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, त्यात काय सांगायचं! पोरं आपण सांगू तेवढं खरं धरत्यात गं." मग वही फाटकावरून माझ्या हातात दिली. "लानचं पहिलं बघ. तिला उताऱ्यात कोण कुणाला म्हणतंय तिथं अडतंय. बाकी पोरगी तयार आहे." एवढं बोलून त्या वळल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी मी वर्ग घेतला. छान स्लाइड केल्या होत्या, रंगीत. व्याकरणाचा एक अवघड भाग चाळीस मिनिटं समजावला आणि विचारलं, समजलं? तेवीस चौकोनांतून एकदम आलं, "येस टीचर." मी लानला वेगळं विचारलं. "येस टीचर." हसून, नजर खाली. काही शंका? "नो टीचर." मग मी दहा प्रश्न दिले, माझ्या औदार्यानं पाचवा पर्यायही ठेवून. एकानंही ई लिहिलं नाही. सगळी उत्तरं ठोकलेली, निम्म्याहून जास्त चूक, आणि कोण कुठे अडलंय याचा मला काडीचा पत्ता नाही.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. बाईंनी आठ महिने खपून ज्या मुलांना तोंड उघडायला लावलं होतं, ती माझ्यासमोर तीन दिवसांत पुन्हा मिटली. आणि का नाही मिटणार? बाईंवर विश्वास ठेवून खरं लिहिलं आणि त्याचं फळ काय मिळालं, हे त्यांनी बघितलं होतं. बुधवारी दुपारी मी लॅपटॉप मिटला आणि तिथेच बसून रडले. मग रडतच बाईंना फोन लावला. "बाई, ती मला हो म्हणतायत."

बाई म्हणाल्या, "मग वर्ग बुडाला की गं."

"मला येत नाही बाई हे," मी म्हटलं. एम.ए. झाल्यापासून हे वाक्य मी कुणापुढे बोलले नव्हते. म्हणजे येत नव्हतं असं खूप होतं, बोलले नव्हते इतकंच. "तुम्ही या. मी तुआनना सांगते."

तुआनना मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. क्षमा करा त्यांनी चार वेळा म्हटलं, मी एकदाही नाही. शेवटी ठरलं ते असं, की कागदावर वर्ग माझाच राहील म्हणजे पालक शांत राहतील, मी शेजारी बसेन, आणि शिकवतील बाई. निकाल बिघडला तर दोघींनीही जायचं. "दोघींनीही?" तुआननी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, हो, आणि हे मी अंदाजानं सांगत नाहीये.

गुरुवारी बाई इस्त्रीच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मी बाजूला स्टुलावर, मुलांना दिसेन अशी. तेवीस चेहरे एकदम पुढे आले, कुणीतरी ओरडलं, "को!" तिकडे बाईंना को म्हणतात. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या की मुलांनो, माझी चूक झाली. तुम्ही नापास झालात ते माझ्यामुळे. मी तुमची माफी मागते.

तिकडेही शिक्षक माफी मागत नाहीत, आपल्याकडे तर विचारूच नका. मलाच कुठे बघावं कळेना. बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं मला बाजूनं दिसत होतं. तेवढ्यात लाननं माइक चालू केला. ती मुलगी आठ महिन्यांत स्वतःहून पहिल्यांदा बोलत होती. हळूहळू, शब्द जुळवत तिनं विचारलं, "को, तुम्हाला यातलं नक्की काय येत नाही? ठोकून कसं द्यायचं, ते? आम्ही शिकवतो तुम्हाला."

आणि शिकवलं हो! लान आणि तिच्यामागून सगळी, एकावर एक. चारांतले दोन आधी कसे कापायचे. उरलेल्या दोनांत उताऱ्यातला शब्द जसाच्या तसा कशात आहे ते का बघायचं नाही. वेळ संपत आला की एकच अक्षर धरून कसं भरत जायचं. बाई वहीत लिहून घेत होत्या, मधेच हात वर करून शंका विचारत होत्या. इंग्रजीतून, सगळं इंग्रजीतून! जी मुलं सुरुवातीला चार शब्दांवर पाचवा बोलत नव्हती ती दीड तास त्या भाषेत भांडत होती. मी स्टुलावर बसून बघत होते. मला इतका अभिमान वाटला, बाईंचा आणि त्या पोरांचा, की माझ्यासाठी त्यात जागाच उरली नाही, आणि ते बरंच झालं.

मग तीन आठवडे वहीतून एकेक ई काढून संपवायचं काम. बाई शिकवायच्या आणि मी प्रश्न तयार करायचे, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पानावरचे. लान 'कोण कुणाला म्हणतंय' यावर अडायची, म्हणून बाईंनी तिच्यासाठी सतरा उतारे लिहिले, सगळे आमच्या गल्लीतल्या भांडणांचे. परीक्षेला जाताना सगळ्यांना एकच सूचना, कोरं सोडायचं नाही, आणि घरी आल्यावर मला खरं सांगायचं कुठं ठोकलंत ते.

निकाल लागला. तेवीसच्या तेवीस पास. लानला दहापैकी साडेसात. तिच्या वडिलांनी दुकानात मोटारसायकलींच्या मधोमध उभं राहून फोनवर आम्हाला गुणपत्रक दाखवलं. एकदा सरळ, एकदा उलटं, आणि मग बाईंना वाकून नमस्कार केला. बाई इकडे इस्त्रीच्या टेबलासमोर तशाच वाकल्या. त्या दिवशी मी बाईंना बायकांसारखं हमसून रडताना बघितलं, आणि "मी कुठं रडतोय," असं म्हणतानाही.

पुढे काकांना स्लायगोला काम मिळालं आणि बाई तिकडे गेल्या. पण जाण्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. निकालानंतर तुआननी मला फोन केला. अभिनंदन केलं, कारण कागदावर वर्ग माझा होता. म्हणाले, क्षमा करा, नवीन वर्षाच्या जाहिरातीत शिक्षकांची नावं टाकतोय, या वर्गाखाली तुमचं नाव घालतो.

मी म्हटलं, माझं काढा. बाईंचं घाला.

त्यांनी घातलं असावं, पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. मग जरा घुटमळून म्हणाले, की बाकीच्यांच्या नावाखाली त्यांच्या पदव्या आहेत, कोर्स आहेत, परदेशी सर्टिफिकेटं आहेत. बाईंच्या फायलीत तीस वर्षांपूर्वीच्या एका बी.एड.शिवाय काहीच नाही. त्यांच्या नावाखाली काय लिहू?

मी क्षणभरही थांबले नाही.

"लिहा," मी म्हटलं, "की या माझ्याही शिक्षिका आहेत. आणि त्याखाली माझं एम.ए. लिहा."